गाण्यांच्या खालचा आवाज

४ नोव्हेंबर

वरच्या मजल्यावरच्या लेल्यांच्या मुंजीची कॅसेट आज संपली. तीन तासांची कॅ. म्हणजे तीन तास, त्यात सूट नाही. व्हीसीआरमध्ये ती फिरत राहते, लॅपटॉपमध्ये साठत राहते आणि मी समोर बसून पेंगत राहते. मध्येच डोळा लागला. जागी झाले तर पंगत बसली होती आणि क्षणभर खरंच वाटलं, उठून वाढायला हवं. त्या पंगतीतले निम्मे आता नाहीत. जिलबी मात्र अजून तशीच केशरी, फक्त कडेला रंग ओघळलेला.

हे गेल्याला दोन वर्षं होतील. ह्यांनी कॅमेरा खांद्यावर घेऊन तालुक्यातली निम्मी लग्नं काढली आणि मी घरी बसून त्यांवर गाणी चढवली. आता तीच लग्नं बुरशी धरून परत येतात. 'पेन ड्राइव्हमध्ये घालून द्या काकू.' देते.

संध्याकाळी एक मुलगी आली. योगिता. गव्हाणजवळ राहते, बेलापूरला ऑफिसात आहे. चार डिसेंबरला लग्न. पिशवीतून एकच कॅ. काढली. लेबलवर माझं अक्षर! 'चि. सौ. कां. वनिता, हळद व लग्न.' वनिता म्हणजे तिची आई.

म्हणाली, 'काकू, चित्र नाही आलं तरी चालेल. मला आजीचा आवाज हवाय.'

आजी म्हणजे वनिताची आई, चांगूबाई. धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, धवलारीण आधी. तिने धवले गायल्याशिवाय हळद लागत नाही. चांगूबाईंनी उभा जन्म गायले. मग घशाचं ऑपरेशन झालं, आता तोंडातून नुसती हवा येते. त्यांचं गाव विमानतळात गेलं, माणसं चार ठिकाणी पांगली, आणि त्या गावच्या चालीवर म्हणणारी दुसरी कोणी उरली नाही. योगिता स्वतः शिकून म्हणणार आहे. नवरीनेच धवले म्हणायचे हे मी तरी कुठे ऐकलं नव्हतं. तसं म्हटलं, तर म्हणाली, 'मग कोण म्हणेल, तुम्हीच सांगा.'

मी म्हटलं, बघते. दमट हवेत आवाजाचं काही सांगता येत नाही.

हवेवर ढकललं. त्या कॅ.त आवाज नाही हे मला माहीत आहे. तो मीच घालवला.

६ नोव्हेंबर

झोप नीट नाही. स्वतःशी तरी खरं लिहावं.

ज्यांना नावं-बिवं घालून, काटछाट करून पूर्ण मिक्सिंग हवं त्यांची कॅ. मुंबईला जायची. बाकीच्यांचं मी घरातच करायची. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ कॅ.च व्हीसीआरमध्ये घालायची, शेजारी टेपरेकॉर्डर जोडायचा, 'ऑडिओ डब'चं बटण दाबायचं. चित्र तेच राहतं, आवाजाच्या जागी गाणं. हळदीला हळदीचं, वरातीला वरातीचं, पाठवणीला रडायचं. कुठलं गाणं कुठे संपवायचं यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. शेवटची ओळ आणि मुलीचा गाडीत बसायचा क्षण मी असा जुळवायची की बायका मला घरी येऊन सांगायच्या, 'वहिनी, परत रडलो.'

आणि खाली जे होतं ते, कुत्री भुंकणं, पोरांची रडारड, म्हाताऱ्यांचं खोकणं, बायकांचं गाणं, ते सगळं 'कचरा'. हा माझाच शब्द. हे म्हणायचे, 'अगं, थोडं राहू दे.' मी म्हणायची, तुम्ही कॅमेरा सरळ धरा, आवाजाचं मी बघते.

शहाणी होते.

८ नोव्हेंबर

वनिताची कॅ. उघडली. पांढरी भुकटी, खाडीकाठच्या घरातली असते तशी. सगळी फीत हाताने सावकाश फिरवत पुसली, दुसऱ्या डबीत घातली. दु. लावली.

चित्र उत्तम. मला इतकं उत्तम नको होतं.

ते गाव! कौलारू घरांची ओळ, मागे खारफुटी, अंगणात वाळत घातलेली सुकट. आता तिथून विमानं उडायची आहेत. मांडवाला पताका, त्याच्याखाली चांगूबाई बसलेल्या, जेमतेम पन्नाशीच्या, हिरवं लुगडं, नाकात मोठी नथ, तोंड उघडतं, मिटतं, मान मागे जाते, गळ्याची शीर दिसते. आणि आवाज येतोय त्या वर्षीच्या सिनेमातल्या गाण्याचा. ओठ एक म्हणतात, कान दुसरं ऐकतात. तीन वेळा मागे घेऊन बघितलं. त्यांच्या ओठांवरून काही कळतं का. नाही.

शिवाय ह्यांची जुनी खोड. चांगूबाई ऐन रंगात असताना कॅमेरा हळूच वर वळतो आणि मांडवाच्या आंब्याच्या पानांवर जाऊन बसतो. दोन मिनिटं! नुसती पानं हलताहेत. तेव्हाही मी ह्यांना बोलले होते, लक्ष कुठे असतं तुमचं, लोक पानं बघायला कॅसेट लावतात का. हे गप्प. नेहमीसारखे. स्वप्नात चालणारा माणूस होता तो, मी उठवत राहिले.

पानं मात्र बघत बसले आज. ऊन त्यातून गळत होतं. गाणं म्यूट केलं तेव्हा जास्त बरं वाटलं.

११ नोव्हेंबर

माझा व्हीसीआर बसला. आतला पट्टा तुटला. एकोणतीस वर्षांचा होता, कुरकुर नव्हती त्याची.

टपाल नाक्यापलीकडे सलीमभाईंकडे नेला. ह्यांच्या वेळचे, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतात, आता फार कोणी जात नाही. दुकानात जुने टीव्ही असे रचलेत की बसलेला माणूस दिसत नाही, आवाज तेवढा येतो. 'कोण? भाभी? या, या. भाईजानचं मशीन आजारी पडलं का?'

पट्टा मिळायला पंधरा दिवस. म्हटलं, पंधरा दिवसांत एका मुलीचं लग्न अंगावर येईल. त्यांनी फळीवरून एक मोठं धूड उतरवलं, फडक्याने पुसलं. 'हे न्या. दुबईहून आलेलं. तुमच्यापेक्षा भारी आहे. अमानत समजा.'

रिक्षात मांडीवर घेऊन आले. पोर आणावं तसं.

लग्नाच्या मुलीला अजून काही सांगितलेलं नाही. आज तिचा मेसेज, 'काकू, काही आलं का?' आणि हात जोडलेले दोन.

१३ नोव्हेंबर

दिवा लावायचाही राहिला, आधी हे लिहिते.

सलीमभाईंच्या मशीनवर वनिताची कॅ. लावली. म्हटलं चित्र तरी कॉपी करून देऊ. मांडव आला आणि गाणं नाही. सिनेमाचं गाणंच नाही! कुत्रं भुंकलं. कुणीतरी म्हणालं, 'पानी आन गो पानी.' मला वाटलं मशीन बिघडलं. सलीमभाईंना मनातल्या मनात चार शब्द हाणलेसुद्धा, भारी म्हणे, दुबईचं म्हणे.

मग चांगूबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडातून त्यांचाच आवाज आला.

उंच नव्हे. भरलेला. हंड्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा. मागून दहा-पंधरा बायका ओळ झेलून परत म्हणत होत्या. शब्द सगळे नाही कळले. मी पदर तोंडात धरून बसले होते. लॅपटॉपवर कॅप्चर चालू आहे की नाही हेही बघितलं नाही. चालू नव्हतं. परत मागे घेतली.

१४ नोव्हेंबर

सकाळीच सलीमभाईंना फोन. ते खो खो हसले. मग नीट समजावलं. ह्यांचा तो मोठा कॅमेरा हायफाय होता. तो आवाज दोन ठिकाणी लिहायचा. एक फितीच्या काठावर, आणि एक चित्राच्या खाली, आत. मी बटण दाबून गाणी चढवली ती काठावर. आतलं पुसणं त्या बटणाच्या हातातच नव्हतं. माझं मशीन साधं, त्याला काठ तेवढा वाचता यायचा. तालुक्यात सगळ्यांची मशीनं साधीच.

'भाभी, तुम्ही कितीही गाणी टाका, मूळ आवाज नीचे महफूज आहे. फक्त ज्यांनी मूळ कॅसेटवरच गाणी टाकली त्यांचाच हां. ज्यांनी मुंबईला नेऊन कॉपी केली त्यांचा गेला.'

म्हणजे ज्यांना भारीतलं परवडलं त्यांचा गेला आणि ज्यांचं मी घरात उरकलं त्यांचा राहिला. हे मला कुणी आधी का नाही सांगितलं? ह्यांनी कॅमेरा आणला तेव्हा त्यावरचं 'हायफाय' दाखवत होते, मी म्हटलं होतं, आपल्या टीव्हीला एकच तर भोक आहे आवाजाला, कौतुक कसलं.

१५ नोव्हेंबर

आज दु. पूर्ण कॅ., कॅप्चर चालू करून, हेडफोन लावून.

हळदीच्या शेवटाकडे चांगूबाई एका धवल्यात 'आये गो' म्हणून थांबल्या. परत 'आये गो'. परत थांबल्या. झेलणाऱ्या बायका गप्प. चित्रात त्यांचा चेहरा नुकताच वेडावाकडा व्हायला लागलेला, आणि कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, इतक्या जवळून की मी मागे वळून पाहिलं, हे बोलले.

'सावकाश होऊ दे, बाई. मी तिकडे बघतो.'

आणि कॅमेरा पानांवर गेला.

दोन मिनिटं पानं. खाली त्यांचं रडणं. बायका समजावताहेत, कुणीतरी पाणी देतंय, हे एकदा हळूच खाकरतात. मग नाक ओढल्याचा आवाज, चांगूबाई म्हणतात, 'चला, दुसरा घ्या.' तेव्हा कुठे कॅमेरा खाली येतो. चेहरा पुसलेला, नथ नीट केलेली.

त्या दोन मिनिटांवर मी उडतं गाणं टाकलं होतं. आणि वर ह्यांना बोलले होते.

माझ्याकडे ह्यांचा आवाज कुठेच नव्हता. फोटो चार आहेत, आवाज नाही, कायम कॅमेऱ्यामागे. दोन वर्षं मी आठवायचा प्रयत्न करते आहे आणि शब्द आठवतात, आवाज नाही. आज आला. सात शब्द. माझ्याशी नाहीत, पण आहेत.

१७ नोव्हेंबर

काही केलं नाही. सात शब्द अकरा वेळा ऐकले. भात करपला.

१९ नोव्हेंबर

योगिता ऑफिसातून परस्पर आली. चहा दिला आणि आधी सांगून टाकलं. हवेने काही झालं नव्हतं, मीच गाणी चढवली होती, मीच खोटं बोलले. तिने कप खाली ठेवला. 'पण काकू, आता आहे ना?' आहे म्हटलं. 'मग द्या की!' या मुलींना अपराध समजतच नाही, त्यांना फाइल हवी असते. बरं आहे.

हेडफोन लावले तिला. पहिल्या ओळीलाच हात माझ्या मनगटावर. पूर्ण ऐकेपर्यंत सोडला नाही, वळ उठला. आजी थांबली तिथे म्हणाली, 'पुढचं कुठेय?'

पुढचं नाही. चांगूबाईंनी तो धवला तिथेच सोडला, नंतरचं कडवं म्हटलंच नाही, दुसऱ्या दिवशी पाठवणीलाही नाही. जे म्हटलंच नाही ते कुठलं मशीन देणार.

घरी जाऊन आजींना फोनवर ऐकवते म्हणाली. रात्री तिचा मेसेज: आजीने कान झाकून घेतले. 'मांडव नाय त धवला नाय.' धवला मांडवाखाली म्हणायचा आणि मांडवाखालीच ऐकायचा. चुलीपाशी, बाजेवर, मोबाइलवर नाही. हा त्यांचा नेम, मोडत नाहीत.

२३ नोव्हेंबर

गव्हाणला गेले. बसने. योगिताने नाक्यावर घ्यायला गाडी आणली.

नवीन घरं, टाइल्स, गच्च्या, रंग असे की डोळे दिपतात. चांगूबाई ओट्यावर कोलंबी सोलत होत्या. किती लहान झाल्या आहेत. गळ्याशी रुमाल. बोलतात ते कान जवळ नेल्यावर कळतं, वाऱ्याने पान सरकावं एवढंच. वनिता शेजारी, कळलं नाही तर ती सांगते.

मी पाया पडले आणि कबूल केलं. तुमच्या आवाजावर मी गाणी घातली, चुकलं माझं. पाठ करून गेले होते ते सगळं.

त्या हसल्या. आवाज नाही, खांदे हलले. 'क्याला? मना त ग्वार वाटला व्हता गो.' ग्वार म्हणजे गोड, वनिताने सांगितलं. 'गावान सांगत फिरले, माज्या पोरीच्या लग्नाचा पिच्चर झाला. माजा आवाज काय, मी रोजच आयकायची.'

इतके दिवस मनाला लावून घेतलं त्याचं काय करू आता.

मग पानांचं विचारलं. लगेच आठवलं त्यांना. म्हणाल्या, तो आईचा धवला. हळदीच्या शेवटी धवलारीण नवरीच्या आईला समजावते, पोर परक्या घरी चालली, तू डोळ्यांत पाणी आणू नकोस. शंभर आयांना सांगितलं. त्या दिवशी आई मीच आणि धवलारीणही मीच. 'आता कोन कोनाला समजवल? त्यान तुजा मालक मशीन घेऊन तोंडापुढं. मी म्हटला, आता ह्यो माजा रडना गावाला दाखवल.' एक कोलंबी सोलून ताटात टाकली. 'पन भला मानूस. तिकडं बगला.'

घरी आल्यावर कधी बोलले का हे? नाही. मी पानांवरून भांडले तेव्हाही नाही. एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? राग आला मला त्यांचा आज, चांगला कडकडून आला. बऱ्याच दिवसांनी.

आईच्या धवल्याचं पुढचं कडवं योगिताने विचारलं. 'मांडवान सांगन.' आजच सांगा ना आजी, मला पाठ करायचंय. 'मांडवान.' वनितानेही विचारून बघितलं. त्यांनी कोलंबीचं ताट पुढे ओढलं, विषय संपला.

येताना डब्यात सुकट भरून दिली. बसमध्ये सगळ्यांनी वळून पाहिलं.

२६ नोव्हेंबर

घरात ह्यांच्या अजून अठरा कॅ. आहेत, लोकांनी न नेलेल्या. सलीमभाईंचं मशीन परत द्यायच्या आत एकेक लावते आहे. जिथे जिथे ह्यांचा कॅमेरा भलतीकडे गेलाय तिथे खालचा आवाज ऐकायचा.

बेलपाड्याच्या एका साखरपुड्यात कॅमेरा विहिरीवर गेलाय. खाली दोन व्याही हुंड्यावरून भांडताहेत, मुलीचा बाप हात जोडतोय. हे काही बोलत नाहीत, विहीर बघतात.

दुसऱ्या एका लग्नात पाण्याच्या टाकीवर पूर्ण एक मिनिट. कान लावून ऐकलं, श्वास रोखून. हे कुणाला तरी म्हणतात, 'चहा आहे का शिल्लक? बिनसाखरेचा नको.'

म्हणजे सगळंच काही थोर नव्हतं. हसू आलं. टाकीवरून मी भांडले ते बरोबरच होतं.

३० नोव्हेंबर

योगिताचा फोन. सगळे धवले पाठ, आईचा सोडून. बसमध्ये इअरफोन लावून पाठ करते, आवाज न काढता, कारण मांडव नाही. नुसते ओठ हलवते. शेजारची बाई विचारायला लागली, 'बरं नाही का तुला?'

'काकू, एक सांगू? माझा आवाज कसा लागणार तेच मला माहीत नाही. एकदाही काढला नाहीये.'

म्हटलं, आजीने नियम केलाय तर काहीतरी विचार असेल. आतून धाकधूक मलाच. तीन तारखेला हळद, आणि त्या कडव्यासाठी सगळा भार एका आजारी म्हातारीच्या मनावर. दु. ऊन टीव्हीवर येत होतं, पडद्यात मीच दिसत होते, मागे कपडे वाळत होते, पुढे बंद पडलेलं लग्न. काहीतरी विचारायचं होतं ह्यांना आणि काय ते सुचेना.

३ डिसेंबर

हळदीहून आले. पाय दुखताहेत, गुलाबी फेटेवाल्यांनी डीजे लावायच्या आत निघाले. आजचं आजच लिहिते.

सकाळी मांडव उभा राहिला. चांगूबाईंना आणून खाली बसवलं, हिरवं लुगडं. योगिता पाटावर, समोर वनिता. मी फोन नि हेडफोन घेऊन गेले होते. विचारलं, आता ऐकता? मांडव आहे. त्यांनी वर बघितलं, मांडव आहे याची खात्री केली आणि मान हलवली.

कानांवर हेडफोन चढवले. नथीत अडकले, सोडवले. त्या ऐकत होत्या आणि आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. चाळीस बायका गप्प बसून एका म्हातारीचा चेहरा बघत होत्या. आधी भुवया आवळल्या, परक्या माणसाचं ऐकावं तशा. मग बोटं मांडीवर ताल धरू लागली. एके ठिकाणी नाक मुरडलं. योगिताला नंतर म्हणाल्या, 'तितं मी लवकर उचलला, तू थांब.' रडणं आलं असेल तेव्हा त्यांनी वनिताकडे बघितलं आणि हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

मग योगिताने म्हटले. आवाज फाटला आधी. दुसऱ्या धवल्याला सापडला. आजीसारखा नाही, पातळ आहे, पण चाल तीच. बायकांना झेलायला वेळ लागला, कुणाला सवय राहिलेली नाही. हळद लागली.

शेवटी आईचा. योगिताने आजीच्या तोंडाला कान लावला. आजी एक ओळ सांगणार, ती मोठ्याने म्हणणार.

'आये गो, दारान उभी ऱ्हा, पदर नको लावू डोल्याला...' वनिताने पदर लावलाच.

'पोर निंगाली परघरा...'

आणि पुढे नाही. आजींचे ओठ हलले, थांबले. योगिताने कान आणखी जवळ नेला. परत हलले. नाही. मी त्यांचे डोळे बघत होते. घशाचा दोष नव्हता, ओळच नव्हती. शंभर लग्नांत म्हटलेली ओळ, दहा दिवस मांडवासाठी राखून ठेवलेली. मांडव आला आणि ती गेली. बायका वाट बघताहेत. कुणाला यावी तर कुणालाच येत नव्हती. वनितालाही नाही. तिच्या हळदीत ती म्हटली गेलीच नव्हती.

योगिताने आईकडे बघितलं आणि चालीत म्हणून टाकलं,

'पोर निंगाली परघरा, फोन करंल सांजंला.'

मांडव हसला. म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, वनिता हसता हसता इतकी रडली की हळदीचं बोट कपाळभर झालं. आणि झेलणाऱ्यांनी ती ओळ झेलली, दोनदा, जशी काय कायमचीच तिथे होती.

चांगूबाई हसल्या नाहीत. निघताना त्यांच्यापाशी वाकले, कान नेला. म्हणाल्या, 'चुकीची हाय.'

मग बरोबर कुठली, आजी?

बराच वेळ ओठ हलत राहिले. 'ती मना आठवत नाय.'

योगिता ओल्या हळदीने पिवळी होऊन तिथेच उभी होती. उद्या निघताना आईपुढे तोच धवला परत म्हणायचा असतो. तिने विचारलं, 'मग उद्या काय म्हणू?'

आजींनी तिची हनुवटी धरली. 'आटवली त सांगन. नाय आटवली त तीच म्हन.'

मी गाडीत बसले तेव्हाही त्या मांडवाखालीच होत्या, ओठ हलवत.